लॉक्स-पीला दिशा येते कुठून?

पिंपळगावची_पोर
एमएस्सीच्या पहिल्या वर्षाला आहे. क्री-लॉक्सने डोकं भणभणलंय: क्री हे प्रथिन डीएनएमधल्या लॉक्स-पी नावाच्या जागा (साइट) कापून जोडतं. लॉक्स-पी म्हणजे डीएनएची 34 अक्षरं: दोन्ही टोकांना 13-13, मधे 8. टोकं एकमेकांची उलट प्रत, मग साइटला दिशा कशी? दोन साइट एकाच दिशेला असल्या तर मधला तुकडा निघतो, उलट असल्या तर तो उलटा बसतो, एवढं पाठ आहे. काल तोंडी परीक्षेत 'का?' विचारलं आणि दातखीळच बसली. पिंपळगावच्या एसटीत अख्खा रस्ता तेच डोक्यात.

जुना_लॅबवाला
पोरी, हातभर रिबीन घे. मला एका मॅडमनी मेनरोडच्या रिबिनीवरच दाखवलं होतं. मार्करने दोन बाण काढ, दोन्ही उजवीकडे. मग बाणावर बाण असा ठेव की टोकं एकाच बाजूला येतील. मधल्या भागाचा फेरा झाला ना? दोन्ही बाण मधोमध काप आणि याचं शेपूट त्याच्या टोकाला, असं अदलाबदल करून जोड. फेऱ्याचं कडं हातात येतं, रिबीन आखूड होते. आता एक बाण उलटा काढून तेच कर. काहीच गळत नाही, मधला भाग तेवढा उलटा बसतो.

बाण म्हणजे मधली 8 अक्षरं. जी-सी-ए-टी-ए-सी-ए-टी, समोरच्या धाग्यावर वाचलीस तर ए-टी-जी-टी-ए-टी-जी-सी. साइटमधले डीएनएचे दोन धागे 6 अक्षरांच्या अंतराने कापले जातात. ती सहा समोरच्या साइटशी जुळली तरच सांधा बसतो.

सातपूर_नाइटशिफ्ट
रिबीन झकास, पण काका, कात्री एकदम चालत नाही! चार क्री बसतात, प्रत्येक 13 अक्षरांवर एक. आधी दोनच धागे कापून बदलतात, मधे हॉलिडे जंक्शन, म्हणजे दोन्ही डीएनए एकमेकांत अडकलेला चौक, मग उरलेले दोन. कापलेलं टोक क्रीच्या साखळीतल्या 324 व्या अमिनो आम्लाला, टायरोसिनला, चिकटून राहतं, बंधाची ऊर्जा तिथेच शाबूत. म्हणून ऊर्जा पुरवणारं एटीपी नको, टोकं सांधणारं लायगेजही नको. टायरोसिनऐवजी सेरीन वापरून चारही धागे एकदम कापणारी प्रथिनं वेगळी.

पिंपळगावची_पोर
आईच्या शिवणाच्या डब्यातली फीत कापली, कडं पडलं!! ते परत आत शिरतं का?

जुना_लॅबवाला
शिरतं, पण टिकत नाही. आत शिरलं की एकाच डीएनएवर पुन्हा दोन साइट होतात, त्या एकमेकींना लगेच गाठतात. जिवाणूंच्या डीएनएत शिरणारा विषाणू, लॅम्डा फाज, जास्त धूर्त: तो आत शिरला की दोन्ही टोकांच्या साइट बदललेल्या असतात, त्याला आत जोडणाऱ्या इंटिग्रेज प्रथिनाला एकट्याने त्या सोडवता येत नाहीत. बाहेर पडायला जोडीला एक्सिस नावाचं प्रथिन लागतं.

आईला फितीचं सांगितलंस का?