उपग्रह असताना संशोधनाची सरकारी जहाजे आणि विमाने कशासाठी?

प्रश्न : समुद्राच्या पृष्ठभागाचे तापमान उपग्रह मोजत असताना, गोव्यातील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेला ‘सिंधू साधना’सारखे जहाज बाळगण्याची गरज काय? ढगांच्या अभ्यासाला तरी विमान खरोखर लागते का?

उत्तर १ : उपग्रहाला मुख्यतः पृष्ठभाग दिसतो. अरबी समुद्रात सुमारे १५० ते १००० मीटर खोलीवर प्राणवायू अत्यंत कमी असलेला जो थर आहे, तो तपासण्यासाठी जहाजावरून तारेने उपकरणे सोडून क्षारता व तापमान मोजतात आणि निरनिराळ्या खोलीवरचे पाणी बाटल्यांत भरून वर आणतात.

उत्तर २ : थोडी पुस्ती जोडतो. प्राणवायू आता स्वयंचलित तरंगती उपकरणेही मोजतात. मात्र तळाचा गाळ आणि सूक्ष्मजीवांचे नमुने ती आणू शकत नाहीत. माझ्या मते जहाजाचे खरे समर्थन हेच आहे.

उत्तर ३ : विमानाबद्दल सांगायचे तर, पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने २००९ पासून भाड्याच्या विमानांतून ढगांत शिरून थेंबांचे आकार मोजले आणि पुढे पर्जन्यछायेतील सोलापूर परिसरात मेघबीजनाचे, म्हणजे पाऊस पाडण्यासाठी ढगांत बारीक कण फवारण्याचे, प्रयोगही केले. अमेरिकेच्या ‘नोआ’ या समुद्र व हवामानविषयक सरकारी संस्थेकडे मात्र चक्रीवादळांत शिरणारी स्वतःची दोन ओरायन विमाने १९७० च्या दशकापासून आहेत.