सल्ला हवा आहे: मदतपत्रकात एका पायरीवरून दुसऱ्या पायरीवर वाचकाला कसे न्यावे?

वाचनखोली (धागाकर्ती)

नमस्कार. मी तालुक्याच्या गावातील एका सार्वजनिक वाचनालयात काम करते. वर्तमानपत्रे वाचायला येणाऱ्या आमच्या ज्येष्ठ सभासदांपैकी अनेकांना मोबाइलवर यूपीआय सुरू करून हवे असते. प्रत्येकाच्या शेजारी बसून दाखवणे शक्य होत नाही, आणि दुसऱ्याच्या हाती फोन देऊन पिन ठरवून घेण्याची सवय लागणे धोक्याचे आहे. म्हणून मी दोन पानांचे मदतपत्रक तयार केले. त्याचा मधला भाग असा आहे:

‘ॲप उघडून भाषा निवडून मोबाइल क्रमांक टाकून पुढे जा. नंतर बँक निवडा. नंतर डेबिट कार्डाचे शेवटचे सहा अंक व मुदत भरून ओटीपी टाका. नंतर पिन टाका. नंतर पुन्हा पिन टाका.’

यातील एकही माहिती चुकीची नाही, तरीही दोन सभासद यावर अडले. एका आजींनी क्रमांक टाकला आणि त्याच क्षणी बँकेचे नाव शोधू लागल्या. त्या वेळी फोन बँकेशी जोडलेल्या क्रमांकाची खात्री करण्यासाठी स्वतःहून एसएमएस पाठवत होता. पडदा हलत नाही असे पाहून त्यांनी ॲप बंद केले. दुसरे एक काका ‘पिन टाका’ येथे एटीएमचा पिन टाकत राहिले, कारण यूपीआयचा पिन आपणच नव्याने ठरवायचा असतो हे माझ्या वाक्यातून त्यांना कळलेच नाही.

मला वाटते, दोष पायऱ्यांमध्ये नसून त्यांच्या मधल्या जागेत आहे. ‘नंतर’, ‘त्यानंतर’, ‘मग’ यांच्यापलीकडे मराठीत कोणती रचना वापरावी, आणि कोठे वापरावी, याबद्दल अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे ही विनंती.

पायवाट

मी गेली काही वर्षे सॉफ्टवेअरची मदतपत्रके लिहितो. आपले निदान बरोबर आहे. ‘नंतर’ हा शब्द फक्त क्रम सांगतो, आणि पायऱ्यांना क्रमांक दिले की तो क्रम आपोआप कळतो; त्यामुळे क्रमांक घातल्यावर सगळी ‘नंतर’ काढून टाकावीत आणि मोकळ्या झालेल्या जागेत वाचकाला खरोखर हवे असलेले काहीतरी सांगावे.

त्याला हवे असते ते असे: मी आत्ता केले ते लागू पडले का, हे मी कशावरून ओळखू? आता काम कोणाचे आहे, माझे की यंत्राचे? आपल्या आजी जेथे अडल्या तेथे काम फोनचे होते, परंतु पत्रकात ते आजींकडेच राहिले. माझ्या अनुभवात सर्वांत जास्त चुका अशाच वळणांवर होतात, जेथे कर्ता बदलतो आणि लिहिणाऱ्याला त्याची सवय झालेली असल्याने तो बदल त्याच्या लक्षात येत नाही. तेथे एक पूर्ण वाक्य खर्च करावे: ‘आता फोन स्वतःहून एक एसएमएस पाठवेल. तोपर्यंत तुम्ही काहीही करायचे नाही.’ पत्रक एका ओळीने लांबले तरी चालेल.

काकांची अडचण वेगळी आहे. तेथे कर्ता तोच राहिला, परंतु कामाचे स्वरूप पालटले. तोवर ते आधीपासून असलेली माहिती भरत होते. आता त्यांना नवे काहीतरी ठरवायचे होते. ‘टाका’ हे एकच क्रियापद दोन्ही कामांना वापरल्याने तो फरक बुजला. ‘पिन ठरवा’ एवढा एक शब्द बदलला असता तरी बराच उलगडा झाला असता.

निरूपण

वरील प्रतिसादाला व्याकरणाची जोड देतो. आपल्या पहिल्या वाक्यात ‘उघडून’, ‘निवडून’, ‘टाकून’ अशी तीन ‘ऊन’ प्रत्ययांत रूपे आहेत. हा प्रत्यय संस्कृतातील ‘क्त्वा’चे काम मराठीत करतो, आणि पाणिनीने त्याची अट फार नेमकी सांगितली आहे: ‘समानकर्तृकयोः पूर्वकाले’ (अष्टाध्यायी ३.४.२१), म्हणजे दोन्ही क्रियांचा कर्ता एक असावा आणि पहिली क्रिया आधीच्या काळातली असावी. मराठी थोडी सैल आहे. ‘पाऊस पडून चिखल झाला’ असे आपण म्हणतो, तेथे कर्ते दोन आहेत. परंतु ती कार्यकारणाची सोय वर्णनापुरती आहे. आज्ञार्थात ती चालत नाही. ‘ओटीपी येऊन तो टाका’ हे कोणत्याही मराठी माणसाच्या कानाला खटकेल.

आता ‘मुदत भरून ओटीपी टाका’ हे वाक्य पाहा. ते खटकत नाही, कारण भरणारा आणि टाकणारा एकच आहे. परंतु या दोन क्रियांच्या मध्ये बँकेने ओटीपी पाठवणे ही तिसऱ्याचीच क्रिया आहे, आणि ‘ऊन’ने ती गिळून टाकली. व्याकरण निर्दोष आणि सूचना सदोष, असा हा प्रकार असल्याने तो तपासताना सुटतो.

‘ऊन’चा आणखी एक धोका म्हणजे तो कधी क्रम सांगतो, तर कधी रीत. ‘बटण दाबून फोन सुरू करा’ यात दाबणे हीच सुरू करण्याची रीत आहे. ‘कार्ड काढून पुढचे वाचा’ यात दोन वेगळी कामे आहेत. मदतपत्रकात ‘ऊन’ फक्त रीत सांगण्यासाठी वापरावा आणि दोन कामांसाठी दोन आज्ञा लिहाव्यात, असे माझे स्पष्ट मत आहे.

चूलबोळकी

मी तांत्रिक लेखन करत नाही, पाककृती लिहिते. पायऱ्यांच्या मधल्या जागेचा प्रश्न स्वयंपाकघरात रोजचाच आहे, म्हणून लिहिते आहे.

‘दोन मिनिटांनी हिंग घाला’ असे आम्ही लिहीत नाही. ‘मोहरी तडतडली की हिंग घाला’, ‘कांदा गुलाबी झाला की मसाला घाला’, ‘पाक एकतारी झाला की गॅस बंद करा’ असे लिहितो, कारण प्रत्येकीची आच वेगळी, कढई वेगळी. खूण मात्र सगळीकडे तीच असते. आपल्या पत्रकातही तसेच आहे. एकाचे नेटवर्क जलद चालते, दुसऱ्याचे मंद. ‘थोड्या वेळाने’ म्हणण्यापेक्षा ‘बँकांची यादी दिसली की’ असे म्हटले, तर वाचक घड्याळाकडे न पाहता पडद्याकडे पाहील.

हे ‘की’ बोलण्यातले आहे म्हणून काही जण लेखनात टाळतात आणि ‘दिसल्यावर’ लिहितात. दोन्ही बरोबर आहेत. मला ‘की’ अधिक आवडते, कारण मोठ्याने वाचताना तेथे आपोआप थांबले जाते, आणि ऐकणाऱ्यालाही थांबायचे आहे हे समजते. ‘दिसताच’ मात्र जपून वापरावे. त्यात घाई आहे, आणि वयस्कर माणूस घाईने चुकतो.

पायवाट

चूलबोळकी यांचा मुद्दा मला पूर्णपणे मान्य आहे. त्याला एक पुस्ती जोडतो. ‘आल्यावर’ आणि ‘आल्यास’ यांची अदलाबदल करू नये. जे होणारच आहे त्याला ‘आल्यावर’ किंवा ‘आला की’. जे होईल किंवा होणार नाही त्याला ‘आल्यास’ किंवा ‘आला तर’. ‘ओटीपी आल्यास टाका’ असे वाचले की वाचकाला वाटते, नाही आला तरी चालेल.

तसेच ‘जोपर्यंत यादी दिसत नाही तोपर्यंत ॲप बंद करू नका’ हे वाक्य शुद्ध असले तरी त्यात दोन नकार आहेत आणि गोंधळलेल्या माणसाला ते उलगडून वाचावे लागते. ‘यादी दिसेपर्यंत ॲप उघडे ठेवा’ यात तेवढाच अर्थ विनासायास पोहोचतो.

धावपट्टी

मी विमान देखभालीच्या क्षेत्रात काम केले आहे. तेथे एएसडी-एसटीई१०० नावाची सोप्या इंग्रजीची नियमावली वापरली जाते. तिच्यानुसार कृतीच्या वाक्यात जास्तीत जास्त २० शब्द असावेत, एका वाक्यात शक्यतो एकच सूचना असावी, आणि अट असेल तर ती सूचनेच्या आधी यावी. शब्दमर्यादा मराठीला जशीच्या तशी लावू नये, कारण आपली विभक्ती शब्दालाच चिकटते आणि आपले १२ शब्दही पुष्कळ लांब होऊ शकतात. अट आधी ठेवण्याचा नियम मात्र मराठीला स्वभावतःच मानवतो. क्रियापद शेवटी येत असल्याने ‘ओटीपी आला की तो टाका’ हाच आपला सहज क्रम आहे. ‘ओटीपी टाका, तो आल्यानंतर’ असे आपण भाषांतर करतानाच लिहितो.

इशाऱ्याबाबतही हाच क्रम पाळावा. ‘ओटीपी कोणालाही सांगू नका’ ही ओळ पत्रकाच्या तळाशी असेल, तर ती वाचेपर्यंत सांगून झालेले असते.

निरूपण

एक राहून गेले. ‘पुढे जा’ आणि ‘वरील’ हे दोन शब्द फोनच्या बाबतीत घात करतात. अनेक ॲपमध्ये ‘पुढे’ नावाचे बटणच असते, तेव्हा ‘पुढे जा’ म्हणजे बटण दाबा की पुढची पायरी वाचा, हे समजत नाही. बटणाचे नाव अवतरणचिन्हात द्यावे: ‘पुढे’ हे बटण दाबा. ‘वरील’ म्हणजे पत्रकातील वरची ओळ की पडद्याचा वरचा भाग, हाही तसाच संभ्रम आहे. ‘पायरी ३ मध्ये निवडलेली बँक’ असे नाव घेऊन सांगावे.

वाचनखोली (धागाकर्ती)

सर्वांचे मनापासून आभार. आपल्या सूचनांप्रमाणे मजकूर पुन्हा लिहिला आहे. कृपया तपासावा.

‘सुरू करण्यापूर्वी: बँकेत नोंदवलेल्या क्रमांकाचे सिम याच फोनमध्ये आहे याची खात्री करा. डेबिट कार्ड हाताशी ठेवा.

१. ॲप उघडा. भाषा निवडा.
२. बँकेत नोंदवलेला मोबाइल क्रमांक टाका. आता फोन स्वतःहून एक एसएमएस पाठवेल. तुम्ही काहीही करायचे नाही. बँकांची यादी दिसेपर्यंत ॲप उघडे ठेवा.
३. यादी दिसली की तुमची बँक निवडा.
४. तुमचे खाते दिसले की डेबिट कार्डाचे शेवटचे सहा अंक टाका. कार्डावर छापलेला मुदतीचा महिना आणि वर्ष टाका.
५. आता बँक तुम्हाला एसएमएसने ओटीपी पाठवेल. तो कोणालाही सांगू नका. ओटीपी आला की वरच्या चौकटीत टाका.
६. ओटीपीचे काम येथे संपले. आता तुम्ही नवा यूपीआय पिन ठरवणार आहात. हा एटीएमचा पिन नाही. पडद्यावर जितकी घरे दिसतील तितक्या, म्हणजे चार किंवा सहा अंकांचा पिन ठरवा आणि टाका.
७. तोच पिन पुन्हा एकदा टाका.

हा पिन पैसे देताना आणि शिल्लक पाहताना लागतो. पैसे घेण्यासाठी तो कधीही लागत नाही.’

पायवाट

फार चांगले झाले आहे. पायरी ६ चे पहिले वाक्य मला विशेष आवडले, कारण ते मागचे दार बंद करून मगच पुढचे उघडते. दोनच सूचना आहेत. पायरी ५ मध्ये ‘वरच्या चौकटीत’ असे आहे, त्याऐवजी ‘ओटीपी असे लिहिलेल्या चौकटीत’ असे करावे, म्हणजे निरूपण यांनी सांगितलेला संभ्रम राहणार नाही आणि ॲपची मांडणी बदलली तरी पत्रक टिकेल. दुसरी गोष्ट म्हणजे ओटीपी आलाच नाही तर काय करावे, हे त्याच पायरीत सांगावे. त्याचा वेगळा परिच्छेद शेवटी दिला, तर अडलेला माणूस तेथपर्यंत पोहोचत नाही.

वाचनखोली (धागाकर्ती)

दोन्ही बदल केले. पायरी ५ च्या शेवटी आता असे आहे: ‘ओटीपी आला नाही तर पडद्यावरील ओटीपी पुन्हा मागवण्याचे बटण एकदाच दाबा आणि एसएमएस येईपर्यंत थांबा. तरीही आला नाही तर येथेच थांबा आणि वाचनालयातील टेबलाशी या.’ उद्या ते पत्रक त्याच आजींच्या हाती देणार आहे आणि त्या वाचत असताना मध्ये काहीही बोलणार नाही. त्या जेथे थांबतील त्या ओळी टिपून येथे कळवेन.