नातवाला भेटण्यासाठी आजी-आजोबांना न्यायालयात दाद मागता येते काय?

प्रश्न (शेतकरी, वणी तालुका):
मुलगा वारल्यानंतर सून सहा वर्षांच्या नातवाला घेऊन हिंगणघाटजवळच्या गावी माहेरी राहते. सुरुवातीला येणेजाणे होते. परंतु मुलाच्या नावच्या शेताच्या फेरफारावरून व्याह्यांशी बोलाचाली झाली, तेव्हापासून कोणी फोनही उचलत नाही. तान्ह्या पोळ्यासाठी सुताराकडून करून घेतलेला लाकडी नंदी चाकांसह घरात तसाच पडून आहे. नातवाला आईपासून तोडावे असे आमच्या मनात नाही. अधूनमधून भेट व्हावी, एवढीच इच्छा आहे. कायद्यात तसा हक्क आहे काय, आणि अर्ज यवतमाळला करावा काय?

उत्तर (वकील, वर्धा):
काका, भेटीचा स्वतंत्र हक्क आजी-आजोबांना देणारे कलम आपल्याकडे नाही. वडिलांच्या पश्चात आई हीच नैसर्गिक पालक असते आणि तिने पुनर्विवाह केला तरी ते पालकत्व आपोआप जात नाही. मात्र पालक व पाल्य अधिनियम, 1890 खाली नातेवाइकांना न्यायालयात जाता येते, आणि मुलाचे हित पाहून न्यायालयांनी आजी-आजोबांना भेटीच्या वेळा ठरवून दिलेल्या आहेत. अर्ज मूल जिथे नेहमी राहते तिथल्या न्यायालयात चालतो, म्हणजे तुमच्या बाबतीत वर्धा जिल्ह्यात. ताबा मागू नका. सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये एका नातवाचा ताबा वडिलांच्या आई-वडिलांकडे दिला, हे खरे. पण त्या मुलाचे आई-वडील दोघेही कोरोनात गेले होते.

उत्तर (निवृत्त तलाठी):
माझ्या मते गाठ फेरफाराची आहे. मृत्युपत्र नसेल, तर हिंदू उत्तराधिकार कायदा, 1956 प्रमाणे मुलाच्या हिश्श्याला त्याची आई, पत्नी आणि मूल हे समान वारस ठरतात. ते हयात असताना वडिलांना वाटा मिळत नाही. तेव्हा सून आणि नातू यांची नावे सातबाऱ्यावर चढण्यात तुमच्याकडून अडकाठी होत असेल, तर ती आधी काढा. शेत अडवून नातू मागितला, असे व्याह्यांनी न्यायालयात सांगितले तर तुमच्याजवळ उत्तर राहणार नाही.

उत्तर (विधी स्वयंसेविका):
खर्चाची चिंता असल्यास अर्ज काकूंच्या नावाने करा, कारण विधी सेवा प्राधिकरण कायदा, 1987 नुसार महिलांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. चौकशीसाठी 15100 हा क्रमांक आहे. दावा दाखल करण्यापूर्वी मध्यस्थीची विनंतीही करता येते. सुनेला कोर्टाचा समन्स जाण्याआधी एकदा समोरासमोर बोलणे झालेले बरे. ज्येष्ठ नागरिकांच्या 2007 च्या कायद्याखाली उपविभागीय अधिकाऱ्यांकडे जाण्याचा सल्ला कोणी देईल. तो मुख्यतः निर्वाहाचा कायदा आहे, नातवंडांच्या भेटीचा नाही.

प्रश्नकर्ता:
फेरफाराचे कागद या आठवड्यात तलाठ्याकडे देतो. तोवर नातवाला शाळेत जाऊन भेटलो तर चालेल काय?

उत्तर (वकील, वर्धा):
आईला न कळवता शाळेत जाऊ नका. तीच गोष्ट पुढे तुमच्याविरुद्ध मांडली जाईल. अर्जात मोघम न लिहिता महिन्यातला कोणता रविवार, किती तास, भेट कुठे, हे नेमके मागा, आणि पहिल्या काही भेटी सुनेच्या माहेरीच ठेवण्याची तयारी दाखवा.