गिल्मरचा 'लक अँड स्ट्रेंज': शेवटी जमलं, की नुसतेच म्हातारपणीचे उमाळे?

घोडबंदरवाला

थेट मुद्द्यावर येतो. पिंक फ्लॉइड या इंग्लिश रॉक बँडमध्ये गिटार वाजवणाऱ्या, गाणाऱ्या डेव्हिड गिल्मरचा 'लक अँड स्ट्रेंज' (सप्टेंबर २०२४) हा त्याच्या सोलो (बँडशिवाय केलेल्या) अल्बमांतला सगळ्यात चांगला आहे असं माझं मत आहे. आमच्या ग्रुपवर हे लिहिलं की कोणीतरी 'डार्क साइड'चं (फ्लॉइडचा १९७३ चा गाजलेला अल्बम) कव्हर टाकून विषय संपवतो, म्हणून इथे लिहितोय. इथे निदान लोक भांडतात तरी नीट.

१९७८, १९८४, २००६, २०१५ आणि २०२४, एवढेच पाच सोलो अल्बम, म्हणजे माणूस दर वर्षी जिलब्या पाडणारा नाही. पण २००६ चा 'ऑन ॲन आयलंड' आणि २०१५ चा 'रॅटल दॅट लॉक' दोन्ही चालू असताना छान वाटतात आणि संपल्यावर काय ऐकलं ते सांगता येत नाही. सगळं गुळगुळीत, सगळं संथ, आणि सोलो (एकट्या गिटारचा तुकडा) ठरल्या जागी येणार म्हणजे येणारच, आपल्या ठाणे-वाशी लोकलपेक्षा वेळेवर.

या वेळी ७८ व्या वर्षी त्याने प्रोड्यूसर बदलला. 'ऑल्ट-जे' बँडचे अल्बम करणारा चार्ली अँड्र्यू आणला, ज्याला फ्लॉइडचं काही दडपणच नव्हतं. गिल्मरनेच मुलाखतीत सांगितलंय की हा विचारायचा, इथे गिटार सोलो कशाला हवाय, आणि सगळी गाणी फेड आउटच (आवाज हळूहळू कमी होत) का होतात, एखादं नुसतं संपू दे की. गिल्मरला तोंडावर सोलो कशाला विचारणारा माणूस त्याला पन्नास वर्षांत भेटला नसणार! आणि त्याचा परिणाम ऐकू येतो. गाणी आखडती झालीत, ड्रम्स जिवंत आहेत (काही ठिकाणी स्टीव्ह गॅड आहे), विल गार्डनरच्या स्ट्रिंग्ज नुसत्या मागे पसरून ठेवलेल्या नाहीत.

पण माझा सगळा भर 'स्कॅटर्ड'वर आहे. शेवटचं गाणं, सात मिनिटांच्या वर. पियानोवर चालू होतं, स्ट्रिंग्ज चढत जातात आणि मग सोलो येतो तो अकूस्टिक (बिनविजेच्या) गिटारवर. आता गंमत बघा, अकूस्टिकवर सूर टिकत नाही, तार छेडली की तो विरायलाच लागतो, त्यामुळे गिल्मरचा नेहमीचा लांब ओढलेला सूर तिथे चालतच नाही, त्याला जास्त नोट्स घ्याव्या लागतात, जरा धडपडावं लागतं, बोटांचा आवाज येतो. आणि ती धडपड ऐकून झाल्यावर मग इलेक्ट्रिक येते आणि पहिला लांब सूर सुटतो. तोच माणूस, तोच सूर जो आपण 'कम्फर्टेबली नम्ब'पासून ऐकतोय, पण इथे तो आयता मिळत नाही, कमावून मिळतो. ७८ व्या वर्षी स्वतःचं हुकमी अस्त्र असं राखून वापरायला अक्कल लागते.

कमी पडलेलं पण सांगतो, 'सिंग्ज' मला फारच गोग्गोड वाटलं. तुम्हाला काय वाटतं?

नेरुळनिवासी

असहमत, आणि जोरात असहमत.

हा १९७३ नंतरचा माझा सर्वोत्तम अल्बम असं गिल्मर स्वतःच म्हणालाय. अरे, नवा अल्बम आला की प्रत्येक जुनाजाणता हेच म्हणतो, दुसरं काय म्हणेल? प्रोड्यूसर तरुण आणला म्हणून गाणी तरुण होत नाहीत.

माझी खरी तक्रार शब्दांची आहे. १९९४ च्या 'डिव्हिजन बेल'पासून त्याची बायको पॉली सॅमसन लिहितेय आणि इथेही बहुतेक शब्द तिचेच. वेळ निघून चालला, आपण विरत चाललो, अंधार येतोय, हात धर. एका गाण्यात ठीक, पण अख्खा अल्बम तेच दळण? 'डार्क साइड'मधल्या 'टाइम'चे शब्द फ्लॉइडच्याच रॉजर वॉटर्सने लिहिले तेव्हा तो तिशीच्या आत होता. आयुष्य हातातून निसटतंय हे सांगायला म्हातारं व्हावं लागत नाही, धार लागते, आणि ती इथे नाही. मुलगी गाते, बायको लिहिते, वडील वाजवतात, घरचा गणपती असल्यासारखं सगळं. आरतीला कोण वाईट म्हणणार! शिवाय टायटल ट्रॅक म्हणे युद्धानंतर जन्मलेल्या पिढीच्या नशिबाबद्दल आहे. अल्बमनंतर महिन्याभरात फ्लॉइडचे हक्क सोनीला विकले गेले, आकडा बाहेर आला ४० कोटी डॉलरच्या आसपास. नशीब आहेच की, गाणं कशाला करायला हवं?

कळवा_फास्ट

धार वॉटर्सकडे ठेवायला दिलीय ना, २०२३ ला बघितली आपण. 'डार्क साइड' परत रेकॉर्ड केला, गिटार सोलो काढून टाकले आणि त्यावर स्वतः बोलत बसला. मी अर्ध्यात बंद केला.

अवांतर: 'लक अँड स्ट्रेंज' रिलीज झाला ६ सप्टेंबरला आणि ज्याच्याशी गिल्मरचं जुनं भांडण आहे त्या वॉटर्सचा वाढदिवस ६ सप्टेंबर. योगायोग असेल. असेल.

तलावपाळी

नेरुळनिवासी, कॅटलॉग (फ्लॉइडच्या गाण्यांचे हक्क) कितीला विकला त्याचा सुरांशी काय संबंध? मग तर कोणाचंच गाणं ऐकायला नको.

मी रंगभवनला आय-रॉक (मुंबईचा रॉक महोत्सव) बघत मोठा झालेला माणूस, २००७ ला वॉटर्स बीकेसीत आला होता तेव्हाही गेलो होतो, त्यामुळे कुठल्या एका पार्टीचा नाही. मला एक कळत नाही, आपल्याकडे मल्लिकार्जुन मन्सूर ऐंशीच्या आसपास गायचे तेव्हा आवाज तरुणपणासारखा लागत नाही अशी तक्रार घेऊन कोणी बसलं नव्हतं. मांडणी बघायचे, राग कसा उघडतो ते बघायचे. रॉकवाल्याला मात्र आपण पंचविशीतच कोंडून ठेवतो आणि मग म्हणतो हा पुढे गेला नाही.

गिल्मरचा आवाज पातळ झालाय, वरच्या पट्टीत ताण कळतो. 'द पायपर्स कॉल'मध्ये तो लपवलेलाही नाही आणि मला तेच आवडलं.

नेरुळनिवासी

तलावपाळी काका, मान ठेवून सांगतो, उदाहरण उलटं पडतंय. मन्सूर अनवट राग काढायचे आणि दर बैठकीला नव्याने मांडायचे. रॉकमध्ये रेकॉर्ड हीच रचना. पाच महिने स्टुडिओत बसून केलेल्या गोष्टीला मैफिलीची सवलत कशी द्यायची? वय झालंय म्हणून कौतुक करायचं असेल तर करा, पण मग सर्वोत्तम वगैरे म्हणू नका.

घोडबंदरवाला

वयाचं कौतुक कोण करतंय? मी अकूस्टिकवरून इलेक्ट्रिकवर जाण्याबद्दल एवढं लिहिलं त्यावर तू एक अक्षर बोलला नाहीस, बायको आणि बँक बॅलन्सवर दोन परिच्छेद.

वाशीतला_स्ट्रॅट

गिटारवाला म्हणून दोन गोष्टी. फ्लॉइडच्या जवळपास सगळ्या मोठ्या सोलोंवर असलेली काळी स्ट्रॅटोकॅस्टर त्याने २०१९ ला लिलावात विकली, ३९ लाख ७५ हजार डॉलर आले, सगळे पैसे पर्यावरणाचं काम करणाऱ्या संस्थेला दिले. म्हणजे या अल्बमवर ती गिटार नाहीच. तरी पहिल्या दोन सुरांत कळतं कोण वाजवतंय. माझ्याकडे येणारी पोरं पहिल्या दिवशी विचारतात सर कुठला पेडल (गिटारचा आवाज बदलणारी पेटी) घेऊ, त्यांना मी हेच सांगतो, आधी तार ओढून बरोब्बर सुरावर नेऊन तिथे थांबायला शीक, मग पेडल. गिल्मर बेंड करताना सुराच्या किंचित खाली क्षणभर रेंगाळतो आणि मग वर पोचतो, गाणारा मींड घेतो तसं. ते अजून शाबूत आहे.

दुसरं म्हणजे रोमनी, त्याची मुलगी. 'बिटवीन टू पॉइंट्स' तिनेच गायलंय, हार्पही तिचीच. मूळ गाणं 'माँगोल्फिए ब्रदर्स' या फार कोणाला माहीत नसलेल्या बँडचं, १९९९ चं. लॉकडाउनमध्ये हे कुटुंब घरून ऑनलाइन गायचं तेव्हापासून दोघांचे आवाज जुळताना ऐकू येत होते. तिच्या आवाजात कसलाही नखरा नाही, सपाट गाते, आणि शब्द इतके खचलेल्या माणसाचे आहेत की सपाटच हवं होतं. इथे घरचा गणपती म्हणणं अन्याय आहे. अल्बममधलं सगळ्यात धारदार तेच गाणं आहे आणि ते गिल्मरने स्वतःकडे ठेवलं नाही.

ऐरोली_नाइटशिफ्ट

काका लोकांनो, मी चोवीसचा, मला फ्लॉइडचं ओझं नाही, 'अ सिंगल स्पार्क' शिफ्टमध्ये लूपवर असतं. पण एक सांगू का, डिसेंबर २०१९ ला यूटू हा रॉक बँड डीवाय पाटील स्टेडियमला आला होता, दादाने नेलं होतं, त्यांनी १९८७ चा 'जोशुआ ट्री' अख्खा वाजवला आणि पब्लिक वेडं झालं. लोकांना जुनंच हवं असतं. गिल्मरने २०२४ च्या टूरला, रोमला आणि लंडनला, हा नवा अल्बम जवळपास सगळा वाजवला. तिकीट जुन्या गाण्यांसाठी काढलेल्या लोकांसमोर नवीन वाजवायला दम लागतो, एवढं तरी द्या म्हाताऱ्याला.

कळवा_फास्ट

दम दिला. पण टायटल ट्रॅकबद्दल कोणीच बोललं नाही. फ्लॉइडच्याच रिक राइटचे कीबोर्ड आहेत त्यात. २००७ ला गिल्मरच्या घरच्या कोठारात सगळे मिळून जॅम (न ठरवता एकत्र वाजवणं) करत होते त्याचं रेकॉर्डिंग, राइट २००८ ला गेला. त्या जॅमवर आता गाणं बांधलंय, आणि मूळ जॅम बोनस म्हणून दिलाय, चौदा मिनिटांच्या आसपास. मला तो जॅमच जास्त आवडला. काही घडत नाही त्यात, राइट मधे मधे दोन कॉर्ड टाकतो आणि गप्प बसतो, गिल्मर त्या गप्प बसण्यात वाजवतो. गाणं करताना ती मोकळी जागा शब्दांनी भरून टाकली राव.

घोडबंदरवाला

यावर अर्धा सहमत. जॅम भारी आहे, पण चौदा मिनिटं कोण परत परत ऐकणार, तू सोडून. गाण्यात राइटचा इलेक्ट्रिक पियानो ओळींच्या मधे डोकावतो तो मला पुरतो. आणि मेलेल्या मित्राच्या टेपवर गाणं करताना सहज रडारड झाली असती, ती केलेली नाही. साधा ब्लूजचा ठेका ठेवलाय.

नेरुळनिवासी

बरं, 'स्कॅटर्ड' आत्ता हेडफोन लावून ऐकलं. सोलो चांगला आहे, नाही म्हणत नाही. अकूस्टिकचा मुद्दा पटला. पण एका सोलोवर अल्बम तरत नाही, बाकी आठ गाणी उरतात त्यांचं काय?

घोडबंदरवाला

आठ कुठली? 'ब्लॅक कॅट' आणि 'वीटा ब्रेव्हिस' हे छोटे वाद्यांचे तुकडे आहेत, दुसरा तर मिनिटभराचाही नाही. सहा उरतात.

नेरुळनिवासी

सहा तर सहा. 'सिंग्ज' तू स्वतःच बाद केलंयस, 'बिटवीन टू पॉइंट्स' मी स्ट्रॅट सरांना देऊन टाकतो. चार. 'डार्क अँड वेल्वेट नाइट्स'पासून सुरू करूया, त्यात रिफ (परत परत येणारा गिटारचा तुकडा) सोडून काय आहे ते सांग. आणि पॉलीचे शब्द मी सोडलेले नाहीत, त्यावर कोणीही उत्तर दिलेलं नाही.