मदत हवी आहे: आंतरराष्ट्रीय शाळेत फी सवलतीचा अर्ज कसा भरावा?

ठिपका

नमस्कार मंडळी. इथे बरीच वर्षं नुसती वाचते आहे, धागा पहिल्यांदाच काढते आहे. आयडीसुद्धा त्यासाठी नवा घेतला, कारण मुलीच्या शाळेतल्या दोन-तीन मुलांच्या आया इथे असतात.

मुलगी आठवीत आहे, पुण्यातल्या एका आयजीसीएसई (केंब्रिजचा दहावीपर्यंतचा आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रम) शाळेत, केजीपासून तिथेच. वर्षाची फी ४ लाख ३५ हजार, तीन हप्त्यांत. बस आणि जेवण वेगळं. नवऱ्याची आयटीतली नोकरी जानेवारीत गेली. सतरा वर्षांचा अनुभव आहे, मिळेल मिळेल म्हणता मार्च उजाडला. मुलाखती होतात, जुन्या पगाराचा आकडा ऐकला की पुढचा फोन येत नाही. माझे हातात ६२ हजार येतात, त्यातले ४७ हजार घराच्या हप्त्याला जातात. पुढचं गणित तुम्हीच करा. सध्या कंपनीने जाताना दिलेल्या तीन महिन्यांच्या पगारावर घर चाललंय.

शाळेच्या हँडबुकात शेवटून दुसऱ्या पानावर एक ओळ आहे: गरजेनुसार फी साहाय्य उपलब्ध. दरवर्षी ते पुस्तक घरी येतं, ओळ यंदा दिसली. फॉर्म मागायला फी काउंटरवर गेले तर काचेपलीकडून खणखणीत आवाजात, "कन्सेशनचा ना, मॅडम? हल्ली सगळेच मागतात." मागे रांगेत लेकीच्या वर्गातल्या एका मुलाचे बाबा उभे. मी चक्क म्हणाले, मैत्रिणीसाठी हवाय.

फॉर्म नऊ पानी आहे. गाड्या किती, सोनं किती, क्लबचं सभासदत्व, गेल्या तीन वर्षांतला परदेश प्रवास. डिसेंबर २०२३ मध्ये बालीला गेलो होतो, त्याचे हप्ते आत्ता कुठे फिटले. घरकामाला मदतनीस किती, असाही रकाना आहे. स्वयंपाकाच्या मावशींना फेब्रुवारीत थांबवलं, भांड्यांच्या मावशी येतात. पेन्सिलीने १ लिहिलं, खोडलं, परत लिहिलं. त्या चौकटीतला कागद आता उजेडात धरला तर पलीकडचं दिसतं.

कोणी असा अर्ज केलाय का? बाली लिहायचं का? किती मागायचं? आणि मुख्य म्हणजे हे मुलीपर्यंत किंवा तिच्या शिक्षकांपर्यंत जातं का? नवरा म्हणतो अर्जच नको, त्याआधी गाडी विकू. गाडी २०१६ ची आहे, तिचे असे किती येणार.

डावखुरा

परवडत नसेल तर शाळा बदला. आम्ही नगरपालिकेच्या शाळेत शिकलो, काही अडलं नाही.

ठिपका

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकले, तेव्हा त्याबद्दल वाद नाही. शाळा बदलण्याचा विचार झालाय. अडचण वेळेची आहे. जूनपासून नववी, म्हणजे आयजीसीएसईचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम सुरू. बदलायचं तर आत्ताच, कारण सीबीएसईची दहावीची नोंदणी नववीत होते आणि पालकांची बदली वगैरे कारण नसेल तर थेट दहावीत घेत नाहीत. एक वर्ष ढकलून मग बघू, असं करता येत नाही. म्हणून एप्रिलच्या आत काय ते ठरायला हवं.

गाजरहलवा

आरटीईतून (शिक्षण हक्क कायद्यातून) २५ टक्के जागा असतात ना? आणि आठवीची ती केंद्राची शिष्यवृत्ती परीक्षा?

मुळाकाठ

@गाजरहलवा, दोन्ही इथे लागू नाहीत. आरटीईचे २५ टक्के प्रवेश सुरुवातीच्या वर्गात होतात, आठवी-नववीत नाही. शिवाय आपल्याकडे आर्थिक दुर्बल गटाला उत्पन्नाची मर्यादा वर्षाला १ लाख आहे. एनएमएमएस, म्हणजे तुम्ही म्हणता ती केंद्राची शिष्यवृत्ती, शासकीय आणि अनुदानित शाळांतल्या मुलांसाठी आहे, वर्षाला १२ हजार. चांगली योजना आहे, पण या शाळेची पोरं त्यात बसत नाहीत. फी कायदा आणा असं कोणी सुचवण्याआधी सांगतो: २०११ चा महाराष्ट्राचा फी कायदा अख्ख्या शाळेची फी कशी ठरावी ते सांगतो. एका घराला सवलत द्या, असं तो सांगत नाही.

आता ठिपकाताई, तुमच्यासाठी. मी एका (दुसऱ्या) शाळेच्या फी साहाय्य समितीवर तीन वर्षं पालक सदस्य होतो. प्रत्येक शाळेची रीत वेगळी, पण टेबलाच्या त्या बाजूने काय दिसतं ते सांगतो.

ही गुणवत्तेची शिष्यवृत्ती नाही, तेव्हा मुलीची प्रमाणपत्रं जोडू नका. आमच्याकडे एकांनी ४२ जोडली होती, त्यात अबॅकसच्या सगळ्या पायऱ्या. समितीला कळायचं असतं ते एवढंच की फी किती, त्यातली हे घर किती भरू शकतं आणि मधली दरी किती. घर किती भरू शकतं हा आकडा लोक कोरा सोडतात किंवा "जास्तीत जास्त मदत व्हावी" असं लिहितात. मग समिती स्वतः अंदाज बांधते आणि तो नेहमी तुमच्या अंदाजापेक्षा जास्त निघतो. तुम्ही महिन्याला १५ हजार भरू शकत असाल तर १५ हजार लिहा आणि ते कुठून येणार तेही लिहा. किती मागायचं हा प्रश्न मग उरत नाही. पूर्ण फी माफ झालेली मी तीन वर्षांत एकदाच पाहिली, तीही वडील वारल्यावर. बाकी २० ते ५० टक्क्यांच्या मध्ये.

वेळ महत्त्वाची. आमच्याकडे वर्षाची रक्कम जानेवारीतच ठरायची. आधीपासून सवलत असलेल्यांचं नूतनीकरण पहिलं, उरलेल्यात नवे अर्ज. मार्च म्हणजे उशीर झालाय, पण नोकरी जाणं हे कारण कुठलीही समिती समजून घेते. "तात्पुरती, एक वर्षासाठी" हे शब्द पत्रात स्पष्ट लिहा. कायमची सवलत मागणाऱ्याचा अर्ज वेगळ्या नजरेने वाचला जातो, हे खरं आहे.

बाली लिहा. मदतनीस १ लिहा. कोणी हसत नाही. आमच्या समितीवरचे निम्मे लोक स्वतः हप्त्यांवर फिरून आले होते. लपवलेलं मात्र निघतं. एका घराने "प्रवास नाही" असं लिहिलं आणि शाळेच्याच वार्षिक अंकात त्यांच्या मुलाने लंडनच्या सहलीवर निबंध लिहिला होता.

बस आणि जेवण यांचं वेगळं विचारा, सवलत बहुधा फक्त शिकवणी फीवर असते. दहावीत केंब्रिजच्या परीक्षेची फी विषयागणिक भरावी लागते, ती यात धरली आहे का तेही आत्ताच विचारून ठेवा. तेव्हा ऐनवेळी दमछाक होते.

मुलीपर्यंत जातं का? आमच्याकडे अर्जावरचं नाव झाकून फक्त क्रमांक समितीपुढे यायचा, शिक्षकांना काही कळायचं नाही. अकाउंट्सला मात्र कळतंच. तुमच्या काउंटरवरचा प्रकार चुकीचाच आहे. फॉर्म तिथे परत देऊ नका. मुख्याध्यापकांच्या कार्यालयाला ईमेल करून वेळ मागा आणि हे कागद कोण कोण पाहणार ते लेखी विचारा. विचारण्यात काही गैर नाही.

ताळेबंद

सीए आहे, कागदांपुरतं बोलतो. तुमचं शेवटचं रिटर्न २०२४-२५ चं, त्यात नवऱ्याचा भरगच्च पगार दिसणार. नुसतं तेवढंच जोडलंत तर अर्ज तिथेच संपला. सोबत रिलीव्हिंग लेटर, फुल अँड फायनलचा (नोकरी सुटताना मिळालेल्या पैशांचा) हिशेब, दोघांच्या खात्यांची सहा महिन्यांची स्टेटमेंट आणि गृहकर्जाचा उतारा लावा. २०२५-२६ चा फॉर्म १६ जूनमध्ये मिळेल तेव्हा पाठवू, असं लिहून ठेवा.

शिकवणी फीवर प्राप्तिकरात ८०सी ची वजावट मिळते, पण जुन्या करप्रणालीत आणि पीएफ, विमा वगैरे सगळं धरून १.५ लाखांच्या मर्यादेत. नवीन प्रणाली घेतली असेल तर विसरा. आणि शाळेची फी हप्त्यांत भरून देणारी ॲप्स "शून्य व्याज" म्हणून गळ घालतात, त्यांचं प्रोसेसिंग शुल्क आधी वाचा. आत्ता नवीन हप्ता अंगावर घेऊ नका, एवढंच म्हणेन.

सह्यकडा

थोडं अवांतर, पण अकरावीसाठी लक्षात ठेवा. पौडजवळ मुळशी तालुक्यात महिंद्रा युनायटेड वर्ल्ड कॉलेज आहे, १९९७ पासून. दोन वर्षांचा आयबी डिप्लोमा (अकरावी-बारावीचा आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रम), निवासी. तिथे निवड आधी होते आणि घराची ऐपत पाहून मदत नंतर ठरते. माझ्या भाचीने अर्ज केला होता. निवड झाली नाही, पण मुलाखतीला जाऊन आली तेव्हापासून जरा माणसात आली.

ठिपका

सगळ्यांचे मनापासून आभार. @मुळाकाठ, तुमचा प्रतिसाद नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवला. लंडनच्या निबंधाला हसला, पुष्कळ दिवसांनी. मग स्वतःच वही घेऊन बसला. आमचा आकडा महिन्याला १४ हजार निघाला, पीएफला हात न लावता. तोच लिहिलाय. मुख्याध्यापकांच्या कार्यालयाकडून शनिवारी साडेदहाची वेळ मिळाली आहे.

मुलीला काल सांगितलं. तिला आधीच माहीत होतं. फॉर्म मी भाजीच्या पिशवीखाली ठेवला होता आणि कोथिंबीर आणायला तीच गेली होती. तिचा एकच प्रश्न होता: बस सोडून सायकलने गेले तर किती वाचतील? मी म्हटलं, हायवे ओलांडायचा असतो, गप्प बस. पण बसचे ३८ हजार तिने पाठ करून ठेवले होते.

एक शेवटचा प्रश्न. स्थावर मालमत्तेच्या रकान्यात गावची शेती लिहायची का? जतकडे दोन एकर जिरायत, नवऱ्याचं नाव सातबाऱ्यावर आहे पण चुलत्यांबरोबर सामायिक. उत्पन्न म्हणाल तर वर्षाकाठी एक पोतं ज्वारी येते, तीही सासूबाई पाठवतात म्हणून.

ताळेबंद

लिहा. "सामायिक" हा शब्द लिहा, हिस्सा लिहा, उत्पन्न लिहा आणि सातबारा जोडा. डिजिटल सहीचा ऑनलाइन १५ रुपयांत मिळतो, तलाठ्याकडे जायला नको. जमीन लपवली आणि नंतर निघाली, तर बाकीच्या आठ पानांवरही कोणी विश्वास ठेवणार नाही.

ठिपका

काढला. त्यावर नवऱ्याच्या दोन आत्यांचीही नावं निघाली, हे सासऱ्यांनाही माहीत नव्हतं. सकाळपासून गावाकडून फोन सुरू आहेत. त्यासाठी वेगळा धागा काढते.