चिऱ्याच्या गाडीत इंजिन तापल्यावर ठोका येतो, खोलण्याआधी काय तपासावं?

राजापूर_लोडिंग:
नमस्कार मंडळी. गाडी २००८ची, सहा सिलिंडर, साधा डिझेल पंप. चिरा (जांभा दगड) भरून अणुस्कुरा घाटाने कोल्हापूरला जाते. सकाळी स्टार्टला टिकटिक असते. घाट चढून इंजिन तापलं की खालून जाड ठोका सुरू होतो, रेस देऊन पाय काढला की जास्तच. टॅपेट (व्हॉल्व्हची फट) सेट केले, फरक नाही. फिटर म्हणतो, थेट इंजिन खोला.

घाटवाट:
हे दोन वेगळे आवाज आहेत. थंड असताना जोरात आणि तापल्यावर कमी होणारी टिकटिक बहुतेक वेळा एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या (हेडमधून धूर बाहेर नेणाऱ्या नळीच्या) गॅस्केटमधून येते. आपल्याकडच्या खाऱ्या हवेत स्टड गंजतात, पकड सुटते आणि धूर फटीतून बाहेर पडतो. धातू तापून फुगला की फट मिटते. जोडावर काजळीचा पट्टा दिसतो का पाहा. गंजलेला नट एकदम ताणू नका. गंज सोडवणारा स्प्रे मारून रात्रभर ठेवा, नाहीतर स्टड हेडातच तुटेल.

ठोक्याचं प्रकरण मात्र गंभीर आहे. तापल्यावर ऑइल पातळ होतं, आणि पाय काढताच कनेक्टिंग रॉडवरचा दाब उलटतो. त्या वेळी वाजणारा ठोका बिग एंड बेअरिंगकडे, म्हणजे रॉड क्रँकला जोडतो तिथल्या बेअरिंगकडे, बोट दाखवतो. मेन बेअरिंग (क्रँक ब्लॉकमध्ये ज्यावर फिरतो ते) असतं तर लोडवर, चढावाला जास्त धडधडलं असतं. पिस्टन-लायनरचा आवाज तापल्यावर उलट कमी होतो.

आधी ऑइल प्रेशर बघा. डॅशबोर्डच्या काट्यावर जाऊ नका, सेंडर (इंजिनवरचा प्रेशरचा सेन्सर) काढून तिथे मेकॅनिकल गेज लावा. इंजिन पूर्ण गरम असताना आयडलला १ किलोच्या (दर चौरस सेंमीला) खाली आणि रेस देऊनही २च्या वर जात नसेल, तर भरलेली गाडी घाटात नेऊ नका.

मग सिलिंडर शोधा. आयडलवर एकेका नोझलच्या (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणाऱ्या) पाइपचा नट (१७ किंवा १९चा पाना) अर्धा-एक फेरा सैल करा आणि परत आवळा. ज्या सिलिंडरला ठोका दबतो, दोष तिथे. तिथला नोझल दुसऱ्या सिलिंडरला लावून बघा, तांब्याचा वॉशर नवीन टाका. आवाज नोझलबरोबर सरकला तर दोष नोझलचा, जागीच राहिला तर बेअरिंग किंवा गजन पिन (पिस्टन रॉडला जोडणारी). डोळ्यांना चष्मा हवाच, आणि डिझेलच्या धारेपुढे हात धरू नका, ती कातडीत घुसते. कॉमन रेलच्या (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या, खूप जास्त प्रेशरच्या डिझेल सिस्टमच्या) गाडीवर हा प्रयोग कधीच करायचा नाही.

मिरकरवाडा_डिझेल:
वरचं पटलं, पण एअर कॉम्प्रेसर विसरू नका. त्यालाही स्वतःचा क्रँक आणि बिग एंड असतो, आणि त्याचा ठोका इंजिनचाच वाटतो. ब्रेक दाबून हवा उतरवा, परत भरू द्या. हवा पूर्ण भरून कॉम्प्रेसर मोकळा झाला की आवाज बदलला, तर इंजिनला हात लावायची गरज नाही.

पावसाळ्यात वॉटर सेपरेटरमधलं पाणी रोज सकाळी काढा. टाकी रात्री अर्धी रिकामी ठेवली की दमट हवेचं पाणी आत धरतं. ते नोझलची सुई खातं, मग नोझल गळतो आणि सिलिंडर ठोकतो.

सावित्री_पूल:
गाडी जुनी विकत घेतली असेल तर पुरात सापडली होती का, तेही विचारा. २२ जुलै २०२१ला चिपळुणात अनेक गाड्या बुडाल्या. सिलिंडरमध्ये पाणी असताना स्टार्टर मारला की रॉड वाकतो.

राजापूर_लोडिंग:
कॉम्प्रेसरने फरक नाही. ४ नंबरचा नट सैल केला की ठोका जवळजवळ जातो, नोझल बदलूनही तिथेच. गरम आयडलला प्रेशर अर्धा किलो.

घाटवाट:
मग गाडी चालवत नेऊ नका, टो करा. चेंबर (इंजिनखालची ऑइलची टाकी) उतरवा, ४च्या रॉडची कॅप खोला. ऑइल फिल्टर कापून कागदाच्या घड्यांत चकाकणारा चुरा शोधा. एकटं ४चं बेअरिंग बदलून भागणार नाही, सगळ्या जर्नलचं (क्रँकच्या बेअरिंग बसणाऱ्या गोल भागांचं) माप मायक्रोमीटरने दोन दिशांनी घ्या. लंबगोल निघाला तर क्रँक ग्राइंड करून पुढच्या अंडरसाइजचं (घासून बारीक झालेल्या क्रँकला बसणारं, सहसा ०.२५ मिमीने कमी मापाचं) बेअरिंग घाला. आधी कधी ग्राइंड झालाय का, ते जुन्या शेलच्या (बेअरिंगच्या अर्ध्या पाकळीच्या) पाठीवरच्या आकड्यावरून कळेल. क्रँकची ऑइल भोकं डिझेलने आणि हवेने साफ करा, पंपाची जाळी धुवा. रॉडचे बोल्ट नवीन घ्या, टॉर्क रेंचने मॅन्युअलप्रमाणे आवळा. प्रत्येक कॅप आवळल्यावर क्रँक हाताने फिरवून बघा. कुठे अडकला तर तीच कॅप परत उघडा.