गॅमा किरणांनी चढलेला रंग: मिठाचा उडतो, क्वार्ट्झचा टिकतो, असं का?

पारदर्शी

एकाच कोबाल्ट-६० स्रोतात, शेजारी शेजारी ठेवून १० किलोग्रे (ग्रे हे शोषलेल्या किरण-ऊर्जेचं एकक) मात्रा दिलेले तीन तुकडे आहेत: सोडियम क्लोराइडचा एकस्फटिक, नैसर्गिक क्वार्ट्झ (स्वच्छ गारगोटी) आणि कृत्रिम फ्यूज्ड सिलिका (सिलिकॉन डायऑक्साइडची काच). जाडी प्रत्येकी २ मिमी. मीठ पिवळट-तपकिरी झालं, क्वार्ट्झ धुरकट, सिलिका होती तशीच. उजेडात ठेवलेलं मीठ भराभर फिकं पडतं, क्वार्ट्झ महिनोन्महिने तसंच राहतं.

मात्रा सारखी असून तीन वेगळे परिणाम का? रंग उडाला म्हणजे स्फटिक पूर्ववत झाला असं धरावं का? आणि मिठातल्या दोषांची संख्या शोषणावरून काढायची आहे, पण त्याच तुकड्याचं दुसरं वाचन पहिल्यापेक्षा कमी येतं. उपकरण डायोड-अ‍ॅरे स्पेक्ट्रोफोटोमीटर (तरंगलांबीनुसार शोषण मोजणारं) आहे. चूक कुठे होतेय?

रिक्तजागा

अणू जागचा हलणं आणि इलेक्ट्रॉन जागचा हलणं, या दोन गोष्टी आधी वेगळ्या करा. तुमच्या पहिल्या दोन्ही प्रश्नांची उत्तरं त्यातच आहेत.

कोबाल्ट-६० चे फोटॉन १.१७ आणि १.३३ मेगाइलेक्ट्रॉनव्होल्टचे. ते स्फटिकात वेगवान इलेक्ट्रॉन सोडतात आणि ते इलेक्ट्रॉन वाटेत आयनीभवन करत जातात. अणूला थेट धक्का मारून जागेवरून उडवणं त्यांना क्वचितच जमतं. मिठात मात्र धक्क्याची गरजच पडत नाही. इलेक्ट्रॉन निघून गेलेल्या जागी, म्हणजे होलपाशी, शेजारचे दोन क्लोरीन एकमेकांकडे ओढले जातात आणि होल तिथेच अडकतं. सुटा इलेक्ट्रॉन परत येऊन त्याला भेटला की मोकळी होणारी ऊर्जा एका क्लोरीनला त्याच्या रांगेत पुढे ढकलते. मागे उरते रिकामी ऋण-आयन जागा, आणि तिच्यात इलेक्ट्रॉन: हे एफ-केंद्र. पुढच्या टोकाला एकाच जागेत दोन क्लोरीन दाटीवाटीने बसतात: हे एच-केंद्र.

एफ-केंद्रातला इलेक्ट्रॉन खोक्यात कोंडल्यासारखा वागतो. खोकं जितकं मोठं, तितकी त्याला उत्तेजित करायला कमी ऊर्जा लागते. म्हणून सोडियम क्लोराइड (जालकांतर, म्हणजे स्फटिकातल्या पुन्हा पुन्हा येणाऱ्या घराची लांबी, ५.६४ अँगस्ट्रॉम) ४६० नॅनोमीटरच्या आसपास निळा प्रकाश शोषून पिवळट दिसतं, पोटॅशियम क्लोराइड (६.२९) ५६० जवळ शोषून जांभळं, तर पोटॅशियम ब्रोमाइड (६.६०) त्याहून लांब तरंगलांबीला शोषून निळं. मूळ स्फटिक तिन्ही रंगहीनच असतात.

क्वार्ट्झचं गणित निराळं आहे. तिथे काही सिलिकॉनच्या जागी ॲल्युमिनियम बसलेलं असतं आणि कमी पडणारा धनभार लिथियम, सोडियम किंवा हायड्रोजनचा आयन भरून काढतो. गॅमा किरण ॲल्युमिनियमलगतच्या ऑक्सिजनमधला एक इलेक्ट्रॉन काढतात, तो आयन तिथून सरकतो आणि ऑक्सिजनवर होल उरतं. धुरकट रंग त्या होलचा. सिलिकॉन-ऑक्सिजनची चौकट आहे तशीच राहते. कृत्रिम फ्यूज्ड सिलिकात ॲल्युमिनियम जवळपास नसतंच, म्हणून हा रंगही नाही. गारगोटी वितळवून केलेल्या काचेत ते असतं, आणि तिला याच मात्रेत जांभळी झाक येऊ शकते.

आता रंग उडण्याबद्दल. मिठात दृश्य प्रकाशाने एफ-केंद्रातला इलेक्ट्रॉन सुटतो. तो होलला भेटला आणि क्लोरीनही आपल्या जागी परतला, तर तेवढी इजा खरोखर भरून निघते. पण काही एफ-केंद्रं एकमेकांना चिकटून जोड्या होतात आणि त्यांचा शोषणपट्टा ७२५ नॅनोमीटरपाशी दिसतो. ४६० चं शिखर खाली येताना ७२५ चं वर चढत असेल, तर दोष गेले नाहीत, एकवटले. क्वार्ट्झमध्ये ३०० ते ४०० अंश सेल्सियसला रंग जातो, पण ॲल्युमिनियम तिथेच असतं. त्याला पुन्हा गॅमा किरण द्या, पुन्हा धुरकट होईल. तेव्हा रंग गेला यावरून स्फटिक पूर्ववत झाला असं कधीच धरू नका.

शोषणपट्टा

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर तुमच्याच वाक्यात आहे: डायोड-अ‍ॅरे. या उपकरणात दिव्याचा सगळा प्रकाश, अतिनीलसकट, आधी नमुन्यावर पडतो आणि मग त्याचं विभाजन होतं. म्हणजे प्रत्येक वाचन थोडा रंग उडवतं. ज्यात मोनोक्रोमेटर (एका वेळी एकच तरंगलांबी निवडणारा भाग) नमुन्याच्या आधी असतो असं द्विकिरण उपकरण (एक किरण नमुन्यातून, दुसरा संदर्भातून) घ्या, आणि पट, म्हणजे तरंगलांबीनुसार शोषणाचा आलेख, लांब तरंगलांबीकडून आखूडकडे घ्या. डायोड-अ‍ॅरेच वापरणं भाग असेल तर झडप फक्त वाचनापुरती उघडा, आणि एकाच जागी लागोपाठ पाच वाचनं घेऊन घट किती होते ते आधी पाहा.

नमुना स्रोतात जातानाच ॲल्युमिनियम फॉइलमध्ये गुंडाळलेला हवा, आणि उघडायचा तो मंद लाल दिव्यात. सोडियम क्लोराइडला लाल चालतो. पोटॅशियम ब्रोमाइडला चालत नाही, कारण त्याचा पट्टाच तिथे आहे.

संदर्भ म्हणून हवा घेऊ नका. मिठाचा अपवर्तनांक १.५५ धरला तर प्रत्येक पृष्ठावरून सुमारे ४.७ टक्के प्रकाश परावर्तित होतो आणि तो शोषण म्हणून मोजला जातो. त्याच ठोकळ्यातून फोडलेला, तेवढ्याच जाडीचा, किरण न दिलेला तुकडा संदर्भाला लावा.

आता संख्या. समजा शिखरावर शोषणांक (उपकरण दाखवतं तो शोषणाचा आकडा) ०.८७ आला. २.३०३ ने गुणा, जाडीने (०.२ सेमी) भागा: शोषण-गुणांक दर सेमीला १०. मग शोषणावरून केंद्रांची घनता देणारं स्माकुलाचं सूत्र (गाउसी, म्हणजे घंटेच्या आकाराच्या पट्ट्यासाठी; दोलकबल म्हणजे एक केंद्र किती जोरात शोषतं त्याचा अंक):

केंद्रांची घनता × दोलकबल = ०.८७ × १०^१७ × [अपवर्तनांक ÷ (अपवर्तनांक² + २)²] × शोषण-गुणांक × पट्ट्याची अर्ध-उंचीवरची रुंदी

रुंदी इलेक्ट्रॉनव्होल्टमध्येच घ्यायची, नॅनोमीटरमध्ये नाही. इथे सर्वाधिक चुका होतात. रुंदी ०.४७ आणि दोलकबल ०.८ धरलं तर घन सेंटिमीटरला सुमारे ४ × १०^१६ केंद्रं येतात. क्लोरीनच्या जागा २.२ × १०^२२ आहेत, म्हणजे दहा लाखांत जेमतेम दोन रिकाम्या. तेवढ्यानेच २ मिमीच्या तुकड्यात ४६० नॅनोमीटरचा ८६ टक्के प्रकाश अडतो.

मात्रेशी पडताळायचं तर १० किलोग्रे म्हणजे ग्रॅमला ६.२४ × १०^१९ इलेक्ट्रॉनव्होल्ट. या उदाहरणात एका टिकलेल्या केंद्रामागे तीन हजारांवर इलेक्ट्रॉनव्होल्ट खर्ची पडले. बहुतेक एफ-एच जोड्या जन्मताच परत मिटतात.

पारदर्शी

डायोड-अ‍ॅरेचा मुद्दा लख्ख पटला, आभार. मग सिलिकाच्या तुकड्याला काहीच झालं नाही असं म्हणता येईल का? अतिनील खिडकीसाठी तोच वापरायचा विचार आहे.

रिक्तजागा

नाही. डोळ्याला दिसत नाही एवढंच. १९० नॅनोमीटरपासून पट घ्या. २१५ जवळ पट्टा सापडला तर तो एक बंध तुटलेल्या सिलिकॉनचा (ई-प्राइम केंद्र), २६० जवळचा एकाच बंधाने लटकलेल्या ऑक्सिजनचा. दृश्य प्रकाशाच्या कॅमेऱ्यासमोर हीच सिलिका उत्तम, पण अतिनीलसाठी पारगमन आधी मोजल्याशिवाय लावू नका.

मंदभट्टी

दोन गोष्टी राहिल्या.

क्वार्ट्झचा रंग घालवायला तापवताना मिनिटाला २-३ अंशांहून वेग नको. ४०० च्या वर जायचं कारण नाही. ५७३ अंशांना क्वार्ट्झची रचना बदलते, आकारमान एकदम वाढतं आणि तुकडा तडकतो. मीठ तापवणार असाल तर भट्टीची खोली पूर्ण अंधारी करा आणि डोळे अंधाराला सरावू द्या: १०० अंशांच्या पुढे रंगीत मीठ मंद उजळतं. अडकलेले भार परत एकत्र येतात त्याचा तो प्रकाश. तापदीप्ती मात्रामापी (तापवल्यावर निघणाऱ्या प्रकाशावरून किरणमात्रा मोजणारं साधन) याच तत्त्वावर चालतो.

दुसरं, हे सगळं गॅमाबद्दल झालं. त्याने नमुना किरणोत्सारी होत नाही. अणुभट्टीतल्या न्यूट्रॉनना हे लागू करू नका. तिथे सोडियम-२४ तयार होतं (अर्धायुष्य १५ तास), आणि क्लोरीन-३६ तर जवळपास ३ लाख वर्षांचं. शिवाय वेगवान न्यूट्रॉन अणूंना खरोखर उडवतात. चौरस सेंटिमीटरला १०^२० न्यूट्रॉनच्या पुढे क्वार्ट्झ सुमारे १७ टक्के फुगतं, अपवर्तनांक १.५४ वरून १.४७ जवळ येतो आणि द्विअपवर्तन (प्रकाशाचे दोन किरण होणं) संपतं. एकमेकांना काटकोनात लावलेल्या दोन ध्रुवकांमध्ये ठेवून फिरवलं तरी काळंच दिसतं. फ्यूज्ड सिलिका उलट आकसते, आणि दोन्ही घन सेंटिमीटरला सुमारे २.२६ ग्रॅम घनतेच्या एकाच काचेकडे येतात. ४०० अंशांच्या भट्टीने ते क्वार्ट्झ परत येत नाही.